अठ्ठ्याहत्तरचे चौऱ्याऐंशी झाले

बाबांच्या फियाटमध्ये, डॅशबोर्डाच्या कप्प्यात, लाल कापडी बांधणीची एक वही आहे. १९८३ पासूनचा प्रत्येक प्रवास तिच्यात आहे: तारीख, कुठून कुठे, निघताना मीटर किती, पोचल्यावर किती, पेट्रोल किती टाकलं आणि सोबत कोण होतं. आमचं गाव अंजनगाव सुर्जी ते अकोट रस्त्याच्या आतल्या बाजूला. बाबा दरवर्षी शेगावला जातात, त्यामुळे ‘घर ते शेगाव’ ही नोंद वहीत सगळ्यात जास्त वेळा आहे. आकडा नेहमी ७८. दोनदा ७९. एकदाही ८० नाही.

मागच्या तीन नोंदींत मात्र ८४ आहे. तिसऱ्या ८४ समोर बाबांनी समासात बारीक अक्षरात लिहिलंय, “रस्ता वाढला?”

डिसेंबरात सुट्टीला घरी गेले तेव्हा मी ते वाचलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. शहात्तर वर्षांच्या माणसानं वहीत टाकलेलं प्रश्नचिन्ह तसंच सोडून अमरावतीला परत जाणं मला जमलं नसतं. बाबांना म्हटलं, चला, शेगाव करू, तसंच पुढे लोणारला जाऊ. गाडी मी चालवते, मीटर तुम्ही बघा. बाबा म्हणाले, “हाव, चाल. पण हळू चालवजो.”

पहिला दिवस: गाव, अकोट, शेगाव

सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली आणि पाच मिनिटं तशीच उभी ठेवली. ही प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. बाबांनीही बघितली.

अंजनगावकडे पानपिंपरीचे मळे आणि केळी, अकोटकडे कापूस. वेचणी सुरू होती. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या गाठोड्यांवर बसलेल्या बाया आमच्या गाडीकडे हात करत होत्या. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. उत्तरेला गाविलगडचे डोंगर धुक्यात अर्धे दिसत होते.

चांगला रस्ता लागल्यावर कामाला सुरुवात केली. राज्य महामार्गाच्या किलोमीटर दगडांचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडांचा पिवळा. दोन दगडांच्या मध्ये दर दोनशे मीटरला २, ४, ६, ८ लिहिलेले ठेंगणे दगड असतात. बरेचसे गवतात बुडालेले, काही काळ्या मातीनं तिरके केलेले, तरी आकडे वाचता येतात. मीटरचा शेवटचा आकडा नेमका बदलला तो दगड बाबांनी धरला आणि तिथून मोजायला लागले. मध्ये दोन दगड गायब होते, पण पुढच्या दगडावरच्या आकड्यावरून हिशेब सुटला नाही. दगडांप्रमाणे २८ किलोमीटर झाले, तेव्हा मीटरवर ३० झाले होते.

“मंग रस्ता वाढला ना,” बाबा म्हणाले.

रस्ता वाढला असता तर दगडही वाढले असते. दगड जागेवरच होते. आमची गाडीच जास्त मोजत होती.

दुसरी तपासणी वेगाची. काटा ६० वर स्थिर धरला, आणि बाबांनी त्यांच्या मनगटी घड्याळावर एका दगडापासून पुढच्यापर्यंतचे सेकंद मोजले. ६७. पुन्हा ६६. पुन्हा ६७. छत्तीसशेला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात, ३६०० भागिले ६७ म्हणजे जेमतेम ५४. मोबाइलनंही ५४ च दाखवले. काटा ६० म्हणत होता.

आता कप्प्याच्या झाकणाचं सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रवासात मला त्याचंच सगळ्यात नवल वाटलं. आमच्या फियाटच्या कप्प्याचं झाकण टॉप गिअरमध्ये एका ठरावीक वेगाला बारीक थरथरतं. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. बाबा डोळे मिटून बसलेले असले तरी त्या आवाजावर सांगतात, “पन्नास झाले.” लहानपणी आम्हा भावंडांना ती जादू वाटायची. त्या दिवशीही झाकण वाजलं, बाबा म्हणाले पन्नास, काटा बघितला तर बरोबर ५०. मी दगड धरला. ऐंशी सेकंद. म्हणजे पंचेचाळीस.

बाबांनी माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं. “कान बी पन्नास म्हन्ते, काटा बी पन्नास म्हन्ते.”

त्यांचं चुकत नव्हतं. पण कान आणि काटा हे दोन्ही साक्षीदार एकाच घरचे. झाकण थरथरतं ते इंजिनाच्या फेऱ्यांवर. काटा हलतो तो गिअरबॉक्समधून निघालेल्या केबलच्या फेऱ्यांवर. टॉप गिअरमध्ये हे दोन्ही फेरे एकमेकांना बांधलेले, त्यामुळे चाक कोणतंही घाला, त्यांचं आपसात नेहमीच जुळणार. एका फेऱ्यात जमीन किती मागे पडली हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही. ते फक्त टायरला माहीत असतं, आणि घराबाहेरचा साक्षीदार काय तो रस्त्याकडेचा दगड.

शेगावला पोचलो तेव्हा मीटरवर घरापासून ८४. दर्शनाला रांग होती, बाबांनी ती पूर्ण उभ्यानं केली. गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. बाबांचे आजोबा त्या वेळी पोरसवदा होते आणि गावातली माणसं बैलगाडीनं शेगावला गेली होती एवढं त्यांना आठवायचं. बैलगाडीला मीटर नव्हता. संध्याकाळी स्टेशनाजवळ कचोरी खाल्ली.

अंधार पडायच्या आत मी गाडीच्या चारही टायरांवरचे आकडे वाचून घेतले. १६५/६५ आर १४. मग डिकी उघडून स्टेपनी बघितली. ५.२०-१४.

काय झालं ते तिथेच समजलं. चार वर्षांपूर्वी टायर बदलले तेव्हा दुकानदार म्हणाला होता, रिम चौदाची, टायर चौदाचा, बसून जाईल. बसला. पण शेवटचा १४ हा फक्त रिमचा व्यास आहे, इंचांत. टायरची उंची त्यात येत नाही. जुन्या ५.२० च्या टायरची रुंदी ५.२० इंच, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि त्या काळच्या बांधणीत उंची जवळजवळ रुंदीएवढीच. नव्या मापात १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ६५ हे टक्के: उंची रुंदीच्या ६५ टक्के. १६५ चे ६५ टक्के १०७. म्हणजे नवा टायर दिसायला रुंद, भरदार, पण जुन्यापेक्षा बोटभर बुटका. पूर्ण व्यास जुन्याचा साधारण ६१२ मिलिमीटर, नव्याचा ५७०. बुटकं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं, आणि गाडी फेरेच मोजते.

दुसरा दिवस: खामगाव, मेहकर, लोणार

रात्रभर हिशेब डोक्यात होता आणि एक गोष्ट बसत नव्हती. मीटरवर तीस किलोमीटर म्हणजे खरे अठ्ठावीस, तर ६० चा काटा म्हणजे खरे ५६ व्हायला हवे. घड्याळ मात्र ५४ म्हणत होतं. उरलेले दोन कुठे गेले?

सकाळी चहा पिताना उत्तर सापडलं. किलोमीटरचे आकडे आणि वेगाचा काटा एकाच केबलवर चालतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. आकडे दात्यांच्या चाकांनी फिरतात. केबलचे ठरावीक फेरे झाले की आकडा पुढे सरकतो, त्यात ढिलाई नाही. काट्याचं तसं नाही. केबलच्या टोकाला चुंबक फिरतं, त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, दोन्ही एकमेकांना शिवतही नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह उठतात, ते वाटीला सोबत ओढू बघतात, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा. ओटो शुल्त्से यानं जर्मनीत १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढे कितीतरी दशकं जगभरच्या गाड्यांत हेच चाललं. स्प्रिंग चाळीस वर्षांत सैल होऊ शकते. म्हणजे आकड्यांची चूक ती टायरची, आणि काट्याची त्यावरची चूक ती मीटरची. जुन्या गाडीचा मीटर ‘चुकतो’ म्हणून जे लोक सरळ मीटर खोलायला देतात, त्यांनी आधी दगड मोजून आकडे तपासावेत. आकडे चुकत असतील तर मीटरला हात लावण्याआधी चाकाकडे बघावं.

खामगावात चांदीच्या दुकानांवरून पुढे गेलो, थांबलो नाही. बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली आणि घाटावर असे दोन भाग मानतात. खामगाव घाटाखाली, मेहकर घाटावर. चढ संपून पठारावर आलो आणि मागून धप्‌धप्‌ ऐकू आलं. डावं मागचं चाक बसलं होतं.

स्टेपनी लावताना मला मनापासून भीती वाटली. तो जुना नायलॉनचा टायर, बाजूला बारीक चिरा पडलेल्या. रबर न वापरताही म्हातारं होतं. शिवाय आमचे नवे टायर रेडियल, मापातला ‘आर’ तोच. एकाच धुऱ्यावर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल हे कधीच करू नये. दोघांची वळणावर दबण्याची रीत वेगळी, आणि इथे तर उंचीही वेगळी. पण रस्त्यात दुसरं काहीच हाताशी नव्हतं. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही आणि मेहकरपर्यंत गेलो.

भीती होती तरी बाबांनी दगड सोडले नाहीत. दगडांप्रमाणे चौदा किलोमीटर झाले तोवर मीटरचा शेवटचा आकडा चौदा ओलांडून पंधराच्या अर्ध्यात अडकला. साडेचौदा. सगळी चाकं बुटकी असती तर पंधरा भरले असते, सगळी उंच असती तर चौदा. एक उंच, एक बुटकं, म्हणून बरोबर मधलं. मागच्या धुऱ्यात मधोमध जो गोळा असतो, मेकॅनिक ज्याला डिफरेन्शियल म्हणतात, तो दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देतो आणि त्यांची सरासरी इंजिनाकडच्या दांड्याला देतो. एरवी तो वळणावरच काम करतो. आमच्या गाडीत तो सरळ रस्त्यावरही सतत फिरत होता, आणि तेही मला बरं वाटलं नाही.

मेहकरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे सिमेंटचा सपाट पट्टा होता. त्यानं ट्यूब काढून पाण्याच्या टाकीत बुडवली, खिळा सापडला, पॅच चिकटवायला घेतला. तेवढ्यात मी त्याच्याकडून खडू मागितला. दोन्ही मागच्या चाकांचे व्हॉल्व्ह नेमके खाली येतील अशी गाडी उभी केली, जमिनीवर खुणा केल्या, आणि गिअर न्यूट्रलला ठेवून बाबा स्टिअरिंगवर, मी आणि दुकानातला पोरगा ढकलायला. डाव्या चाकाचे, नायलॉनच्या, दहा फेरे मी मोजले. उजव्याचे त्या पोरानं. डाव्याचा व्हॉल्व्ह दहाव्यांदा खाली आला तेव्हा थांबलो.

“इकडं दहा झाले, न वर पाऊन,” पोरगा म्हणाला.

पावणेअकरा. टेप लावला: १८.७ मीटर. नायलॉनचा एक फेरा १.८७ मीटरचा, रेडियलचा १.७४. गाडीच्या मीटरवरचे ३० आणि दगडांवरचे २८, हाच हिशेब आता सिमेंटवर खडूनं लिहिलेला होता. बाबा गाडीतून उतरले, दोन्ही खुणांच्या मध्ये उभे राहिले आणि बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे चार वर्स मी पन्नास म्हून पंचेचाळीसनं चाललो. मले वाटे गाडी म्हातारी झाली, म्हून उशीर होते.”

मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

पॅच लावलेलं चाक परत चढवलं, स्टेपनी डिकीत गेली. पैनगंगा ओलांडून दुपारी लोणार.

लोणारचं विवर बसाल्टच्या कातळात उल्केच्या आघातानं झालेलं, वरून बघितलं की मधलं पाणी आणि त्याभोवतीची झाडी एवढ्या नीट गोलात बसलेली की डोळे हटत नाहीत. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारट आणि क्षारीय. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी त्याला महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरची शिल्पं बाबांनी चष्मा पुसून पुसून बघितली. मी काठावर बसून वेगळंच मोजत होते. या गोलाचा घेर साडेपाच किलोमीटरांहून थोडा जास्त. काठानं एक चक्कर मारायची तर नायलॉनच्या चाकाला तीन हजारांच्या वर थोडे फेरे लागतील, बुटक्या रेडियलला त्याहून सव्वादोनशे जास्त.

तिसरा दिवस: मालेगाव, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, घर

मेहकरपासून समृद्धी महामार्ग जवळ आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता मी बसनं पाहिला आहे, पण पंचेचाळीसनं चालणारी गाडी तिथे नेणं दुसऱ्यांना धोक्यात घालणं आहे. आम्ही खालच्या जुन्या रस्त्यानं मालेगाव, शेलूबाजार, कारंजा असे आलो. कारंज्याला, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी, गुरुमंदिरात दहा मिनिटं.

कारंजा सोडल्यावर काटा नाचायला लागला. ४० वरून ६०, पुन्हा ३०. डॅशबोर्डामागून किरकिर. मग एकदम शून्य. केबल तुटली. मीटरचे आकडेही थांबले. आतल्या तारेला वंगण नसलं, बाहेरच्या नळीला कुठे घडी पडली, की ती आधी अडखळते आणि मग तुटते. काट्याच्या नाचण्यालाच मी थांबून बघायला हवं होतं. मोबाइल सकाळीच बंद पडला होता, आणि फियाटमध्ये चार्जिंगला जागा नाही.

आता दोनशे मीटरचे ठेंगणे दगड उपयोगी पडले. त्यांच्यासाठी ३६०० नाही, ७२० ला भागायचं. सोळा सेकंद म्हणजे पंचेचाळीस, अठरा म्हणजे चाळीस. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले की झालं. आणि कप्प्याचं झाकण होतंच. ते वाजलं की बाबा आता “पन्नास” म्हणत नव्हते. “पंचेचाळीस,” ते म्हणायचे, आणि दगड दरवेळी सोळा सेकंदांनी येत होता.

मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या रुळांपाशी थांबलो. ७६२ मिलिमीटर रुंदीचे रूळ, एक फाटा यवतमाळकडे, एक अचलपूरकडे. १९९४ पर्यंत तिथे वाफेचं इंजिन धावत होतं. बाबा अंजनगावहून त्या गाडीनं कॉलेजला आलेले. रुळांमध्ये गवत, एका जागी बकऱ्या.

दर्यापूरचा पट्टा खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारं, माती काळी आणि खोल. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं उठतं. दगड कलंडलेले, कित्येक नाहीतच. तिथे आम्ही विजेचे खांब धरले. जिथे दोन किलोमीटर दगड शाबूत होते तिथे मधले गाळे मोजले, अठरा. म्हणजे एक गाळा साधारण पंचावन्न मीटर, आणि पाच गाळ्यांना किती सेकंद लागले त्यानं हजाराला भागलं की वेग. पंचवीस सेकंद, चाळीस. एका गाळ्यावर मोजू नये, हाताची अर्ध्या सेकंदाची चूकही मोठी पडते. खांबांचं अंतर प्रत्येक लाइनीला वेगळं, म्हणून लाइन बदलली की पुन्हा दगड शोधून मोजायचं. बाबा खिडकीवर बोटानं टकटक करून खांब मोजत होते. अंजनगावच्या आधी, शेणगावचा फाटा आला तेव्हा त्यांनी हात जोडले, गाडगेबाबांचं जन्मगाव, आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

घरी दिवेलागणीला पोचलो.

टायरचं ठरवलंय. नायलॉन नको, रेडियलच बरा, पण उंची जुळणारा. १६५/८० आर १४ चा व्यास जवळजवळ ६२० मिलिमीटर येतो, जुन्या ६१२ हून सव्वा टक्का जास्त. मीटर तेवढाच कमी मोजेल, ते चालेल. मात्र रिम अरुंद आहे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत कुठे घासतो का, हे एक चाक लावून बघितल्याशिवाय चार घ्यायचे नाहीत. स्टेपनी मात्र लगेच बदलायची. केबल अकोल्याहून येईल.

जेवण झाल्यावर बाबांनी वही काढली. “रस्ता वाढला?” या ओळीखाली त्यांनी लिहिलं, “रस्ता तेवढाच. टायर १६५/६५.” मग मागे जाऊन तिन्ही ८४ च्या शेजारी पेन्सिलनं ७८ लिहिलं, आणि या वेळच्या ८४ शेजारीही. लोणार ते घर हा रकाना रिकामाच ठेवला. मी म्हटलं, बाबा, दगड आणि खांब धरून आकडा काढून देते ना.

“नाई,” ते वही मिटत म्हणाले. “मीटर बंद होता. अंदाज आपन वहीत लिवत नाई.”